काकांच्या पट्ट्याचं शेवटचं भोक

९ जानेवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं रान पाहून परवा आमच्या वनसंशोधन केंद्रावर पोहोचले. काकांनी शेती सोडल्यावर त्या तुकड्यावर आपोआप उगवलेली झाडं आता एकमेकांच्या उरावर बसली आहेत. उजेडासाठी सगळी नुसती उंच पळतात, खोडं मात्र भरत नाहीत. विरळणी केली, म्हणजे मधली काही काढली, तर उरलेली अंग धरतील. अर्धं रान विरळ करू, अर्धं तसंच ठेवू, म्हणजे फरक दिसेल. स्वतःच्या हिमतीवर करते आहे असा हा माझा पहिलाच प्रयोग आहे.

पुढच्या आठवड्यात करवतवाले येतील. मला इथून हलता येत नाही, तेव्हा काढायच्या झाडांवर तूच लाल रंगाची खूण कर. वाकडी, रोगट, दबलेली काढायची. आणि रागावू नकोस, पण काकांचं झाडही काढावं लागेल. त्याच्या शेजारचं सरळसोट झाड अख्ख्या रानात माझं सर्वांत लाडकं आहे, आणि तुझं वाकडं त्याच्या कुशीत घुसलंय.

तुझा राग दोन दिवसांत निवळावा.
तुझी खार

१४ जानेवारी

चि. खारीस,
अ. उ. आ.

राग निवळलेला नाही. ते झाड रोपटं असताना वाऱ्याने आडवं झालं, तेव्हा ह्यांनी कमरेचा पट्टा काढून ते खुंटाला बांधलं आणि एका हाताने विजार धरून घरी आले. शेजारीण दारात उभी होती, तिला दुसऱ्या हाताने नमस्कारही केला! हे गेल्यापासून मी दर वर्षी तो पट्टा त्या खोडाला लावून बघते. चार वर्षं झाली, तिसऱ्या भोकापुढे सरकत नाही. माझ्या डोळ्यांदेखत ते भरलेलं बघायचंय मला. त्याला हात लावायचा नाही.

बाकीच्यांवर खुणा करते. रंगाचा डबा आणलाय, चष्माही पुसलाय.

हट्टी आत्याला सांभाळून घे.
आत्या

२२ जानेवारी

चि. खारीस,
अ. उ. आ.

बसून वाच. माझ्या हातून घोटाळा झालाय.

पहिल्या दहा-बारा झाडांवर खुणा बरोबर केल्या. मग एक छान सरळ झाड समोर आलं आणि हाताने आपणहून त्याच्यावर लाल खूण केली. जन्मभर पोरांच्या वह्या तपासल्या गं, चांगलं दिसलं की हात थांबत नाही. पुढे सगळ्या हुशार झाडांना मी पास करत सुटले. एकावर तर ‘उत्तम’ लिहिलं. करवतवाल्यांना वाटलं, बाईंचा काहीतरी खास हुकूम आहे, म्हणून त्यांनी सुरुवात तिथूनच केली.

आवाज ऐकून मी एका पायात चप्पल घालून धावले. बाकीची वाचली, त्यांच्यावरचा रंग मी खरवडून काढला. पण ‘उत्तम’ लिहिलेलं पडलं. ते तुझं लाडकं होतं. मला फार वाईट वाटतंय. जेवण जात नाही.

मला बोल, पण अबोला धरू नकोस.
आत्या

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

खोटं कशाला सांगू, मी रडले. मग साहेबांना सगळं सांगितलं, तर ते खुर्चीतून पडेपर्यंत हसले आणि म्हणाले की प्रयोग बुडालेला नाही, एक झाड बदललं एवढंच. आता काकांच्या झाडाच्या डोक्यावर मोकळं आभाळ आहे. इतकी वर्षं दबलेलं झाड उजेड मिळाल्यावर काय करतं, ते मलाही बघायचंय. लगेच आशा धरू नकोस. आधी ते फांद्या पसरेल, खोड मागाहून भरेल. आणि तोडलेल्या बुंध्यांना धुमारे फुटतील, ते उपटू नकोस.

पट्टा जपून ठेव. नीट जेव, ही तुझ्या साहेबीणबाईंची ताकीद आहे.
तुझी खार

१७ जानेवारी

चि. खारीस,
अ. उ. आ.

घोटाळ्याला तीन वर्षं झाली. परवा तुझी माणसं मापं घेऊन गेली, आकडे तुला कळले असतील. माझं माप मी आज घेतलं.

न विरळलेल्या अर्ध्या भागात अजून तशीच चेंगराचेंगरी आहे. इकडे मात्र सकाळी ऊन जमिनीपर्यंत येतं. तुझ्या लाडक्याच्या बुंध्यातून फुटलेले धुमारे माझ्या खांद्याला लागलेत. त्यातला एक सरळ आहे, तो तुझ्यासाठी राखलाय. त्याच्यावर काहीही लिहिलेलं नाही.

ह्यांना मी जन्मभर साजूक तूप खाऊ घातलं, पण पट्टा कधी एक भोक पुढे सरकला नाही. झाड मात्र पहिल्या वर्षी चौथ्यावर आलं, गेल्या वर्षी शेवटच्यावर. आज दोन्ही हातांनी ओढला, गुडघा टेकून ओढला, तरी टोक बकलापर्यंत पोचेना. मी तशीच खोडाला धरून उभी राहिले. आधी हसले, मग पोटभर रडले. आणि लक्षात आलं, मी सावलीत उभी आहे.

लवकर ये. येताना लांब पट्टा आण, आणि आत्यावरची माया आहे तशीच दाट राहू दे, तिची विरळणी नको.
आत्या