सामाईक हंड्यात उकळलेला पडदा आणि सोमवारचा पाहुणा

प्रति,
मा. ठाणेदार साहेब,
पोलीस ठाणे, वृबित्सा (सर्बिया)

विषय : येत्या सोमवारी, घरच्या कुलसंत दिमित्रीच्या सणाला, अर्जदाराचा खून होणार असल्याने एक सशस्त्र पोलीस पाहुणा म्हणून पाठविणेबाबत.

संदर्भ : अर्जदाराची मागील आठवड्यातील तोंडी तक्रार (हसण्यावारी नेली).

महोदय,

१. देशावरील आंतरराष्ट्रीय निर्बंधांमुळे दुकानात कॉस्टिक सोडा मिळेनासा झाला. सबब, पत्नी स्लाव्का हिच्या साबणासाठी मिठाच्या पाण्यात वीज सोडून तो घरीच काढण्याचे अर्जदाराने ठरविले. दोन्ही बाजूंचे पाणी एकमेकांत मिसळू नये म्हणून मध्ये सच्छिद्र पडदा लागतो. अर्जदाराने वितळलेल्या प्लास्टिकमध्ये बारीक मीठ मळून तो लाटला. उकळून मीठ काढले की छिद्रे उरतात. एवढा पडदा मावेल असे भांडे गावात एकच, आलुबुखाराची दारू गाळण्याचा सामाईक तांब्याचा हंडा.

२. हंडा घासून ठेवला होता, देवाशपथ. तथापि दुसऱ्या दिवशी श्री. ओब्राद तानास्कोविच, म्हणजे अर्जदाराच्या मुलीचे बाप्तिस्म्याचे धर्मपिता, यांची दारू त्यातून निघाली ती जळक्या प्लास्टिकच्या बादलीच्या वासाची. 'मुडद्या, पोराच्या लग्नाची दारू होती ती!' असे म्हणून त्यांनी ढवळण्याच्या दांड्याने अर्जदाराचे दोन दात पाडले. अर्जदाराने नाइलाजास्तव हंड्याचे झाकण त्यांच्या कपाळात घातले. त्यांच्या भावाने अर्जदाराचा डावा पंजा दारात धरून दार लावले. बोटे मोडली.

३. वरील तोंडी तक्रारीच्या वेळी ठाण्यात हवालदार साहेबांनी हसत हसत पुराव्याची बाटली हुंगली. 'आमच्या म्हाताऱ्याचा मालपण त्याच हंड्यातला, भडव्या!' असे म्हणत त्यांनीही मुस्काटात दिली. त्याबाबत तक्रार नाही.

४. साबण मात्र उत्तम झाला. पहिली वडी समेटासाठी श्री. ओब्राद यांना पाठविली. ती खिडकीची काच फोडून परत आली. सोबत निरोप : 'सणाला येतो. डुक्कर कापायची सुरी घेऊन येतो. बघू दार कसं लावतोस.'

५. साहेब, आपणही इथलेच. सणाला आलेल्याला परत धाडायचे नसते, धर्मपित्याला तर नाहीच. स्लाव्का म्हणते, 'आपलं दार आजवर कधी लागलं नाही, तुझ्यासाठी लावू होय?' तिने त्यांचे ताट मांडूनही ठेवले आहे, अर्जदाराच्या शेजारीच.

६. तरी पोलीस पाठवावा. हवालदार साहेब नकोत. काल मुलगी येलित्सा विचारत होती, 'बाबा, धर्मपिता यंदा माझ्यासाठी काय आणणार?' साहेब, मला मरायचं नाही हो.

जीव मुठीत धरून आपला,
रादिसाव पेत्रोनियेविच
४ नोव्हेंबर १९९३

सोबत : दात (दोन), पडद्याचा तुकडा, दारूची बाटली (कृपया हुंगू नये).