हलकं पिस्तूल

प्रिय आईस, तुझ्या धाकटीचा दुरून नमस्कार.

मी धडधाकट आहे, हे आधी वाच. अंगठ्याजवळ जरा खरचटलंय, बाकी काही नाही.

काल आम्हा नव्या पोलिसांना पहिल्यांदा गोळी झाडायला मिळाली. माझे हात लहान, म्हणून आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांनी सगळ्यात छोटं, हलकं पिस्तूल दिलं. मी खूश! पण त्याच्या एवढ्याशा मुठीवर तीन बोटंही धड बसेनात. पहिल्याच गोळीला ते हातात उसळलं, दचकून माझं बोट पुन्हा दाबलं गेलं आणि दुसरी गोळी शेजारी उभ्या उस्तादांच्या टोपीला घासून छतात घुसली.

आई, वाटलं, मी माणूस मारला.

उस्ताद पांढरेफटक पडले होते. टोपी चाचपत म्हणाले, "पोरी, चूक माझी. जड पिस्तूल धक्का स्वतः सोसतं, हलकं तो सगळा हातावर ढकलतं."

मग त्यांनी लांब मुठीचं, जड पिस्तूल दिलं. पाचही गोळ्या निशाण्यावर लागल्या. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मात्र छतातलं भोकच दिसत होतं. अजून दिसतंय.

तुझा गुडघा कसा आहे? बाबांना फक्त त्या पाच गोळ्यांचं सांग.

तुझीच,
धाकटी