‘कोअर्सिव्ह’चा वाक्यात उपयोग

सोमवार, २ सप्टेंबर
ग्लेनिस तिच्या बहिणीकडे, समुद्रकाठच्या पोर्ट फेअरीला गेली. हवापालट. दोन बॅगा नेल्या. हवापालटाला एक पुरते, पण मी बोललो नाही. इतक्या वर्षांच्या संसारात मी फारसं बोललेलो नाही, हेच माझं बलस्थान.
तिची एक अट आहे. मंगळवारच्या पुरुषांच्या ग्रुपला जायचं, मग परत यायचं बघू. जाईन. माझ्यात काही बिघाड नाही, तेव्हा घाबरायचं कशाला?

मंगळवार, ३ सप्टेंबर
ग्रुप. हॉल गारठलेला, बिस्किटं मऊ पडलेली. ग्रुप चालवणाऱ्या बाईंचं नाव लोरेन. फळ्यावर एकच शब्द लिहिला: कोअर्सिव्ह. म्हणजे म्हणे, अंगाला हात न लावता माणसाला धाकात ठेवणारं. वागणं, बोलणं, गप्प बसणंसुद्धा. आठवडाभर हा शब्द रोज एका साध्या वाक्यात वापरायचा. वाक्य घरातलं हवं.
एवढंच? शाळेत इंग्रजीत माझा पहिला नंबर असायचा. शिवाय इथे वॉर्नंबूलमध्ये मी जन्मभर क्रिकेटची अंपायरगिरी केली. दिलेला निर्णय कधी फिरवला नाही. तटस्थपणा रक्तातच आहे.

बुधवार, ४ सप्टेंबर
आजचं वाक्य: ‘आमच्या फाटकावरचा मॅगपाय कोअर्सिव्ह आहे.’ घरट्यात अंडी असली की हा पक्षी येणाऱ्याजाणाऱ्याच्या टाळक्यावर झडप घालतो. पोस्टमनने रस्ता बदलला आहे. व्याकरण चोख.
ग्लेनिसला फोन करून ऐकवलं. बरं, म्हणाली. मग मॅगपायच्या सवयी समजावून सांगितल्या. शेवटी तिने विचारलं, ‘आता फोन ठेवू का, रॉस?’ विचारल्याशिवाय ती फोन कधी ठेवत नाही. अशी रीतभात हल्ली राहिली नाही.

गुरुवार, ५ सप्टेंबर
मोबाइलच्या नकाशात ग्लेनिसचा ठिपका लायब्ररीत दिसला. गुरुवारी? ती कधीच गुरुवारी लायब्ररीत जात नाही. फोन केला. उचलला नाही. परत केला. मग तिच्या बहिणीला, नोलीनला केला. ‘अरे बाबा, पुस्तक बदलायला गेलीय, देश सोडून नाही गेली!’
वाक्य: ‘नोलीनचा सूर कोअर्सिव्ह आहे.’
दुपारी ठिपका गायब. नेटवर्क. त्या किनाऱ्याला नेटवर्कची बोंबच.

शनिवार, ७ सप्टेंबर
ग्लेनिसचा लोकरी कोट द्यायला पोर्ट फेअरीला गेलो. तिची गाडी इथेच आहे, टायर झिजलेत म्हणून किल्ली माझ्याकडे असते. ती बसने गेली. काळजी घेणारं कुणी असावं लागतं.
नोलीन दाराच्या चौकटीला दोन्हीकडून हात लावून उभी. ‘रॉस, घरी जा. ती झोपलीय.’ भर दुपारी? वर पडदा हलला. मी कोट दिला आणि समोर गाडीत बसलो. वाट बघायला नव्हे, रेडिओवर फुटीची, आमच्या ऑस्ट्रेलियन फुटबॉलची, मॅच होती. थर्मासातला चहा संपला तेव्हा एका पोलीस पोरीने काचेवर टकटक केली.
‘काका, किती वेळ थांबणार?’
‘रस्ता सार्वजनिक आहे.’
‘हो ना. आणि मी सार्वजनिक पोलीस आहे. निघा आता.’
वाक्य आपसूकच झालं. इथे लिहीत नाही, सरकारी माणसाबद्दल आहे.

मंगळवार, १० सप्टेंबर
ग्रुपात सगळी वाक्यं वाचली. मॅगपायला हशा मिळाला. लोरेनबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘रॉस, प्रत्येक वाक्यात कर्ता दुसराच कुणीतरी आहे. एक वाक्य “मी”ने सुरू करून बघा.’
अँगस म्हणून दातांचे डॉक्टर आहेत, त्यांनी वाचलं: ‘मी गप्प बसतो तेव्हा घरात कोअर्सिव्ह शांतता होते. पोरं आपण होऊन टीव्ही बंद करतात.’ मग तोंड फिरवून बसले. वाक्य बेताचंच, पण लोकांनी त्यांची पाठ थोपटली.
मी उभा राहून सांगितलं, ‘मी कोअर्सिव्ह नाही.’ ‘मी’ने सुरू होतं. लहान, स्पष्ट. लोरेनबाईंनी हातातलं बिस्किट खाली ठेवलं.

गुरुवार, १२ सप्टेंबर
नोलीनकडून कळलं, ग्लेनिस पुन्हा गायला लागली. चर्चच्या कॉयरमध्ये.
नोंद असावी म्हणून लिहितो: मी गाणं कधी बंद केलं नाही. एवढंच म्हणालो होतो की संध्याकाळी रस्त्यावर कांगारू येतात, आणि ती परतेपर्यंत माझा डोळा लागत नाही. ती यायची तेव्हा मी हॉलमध्ये दिवा न लावता बसलेला असायचो. बोलायचो काहीच नाही. मग तिनेच सोडलं. आपण होऊन.
हे लिहून झाल्यावर काहीच वाटलं नाही. दातांच्या डॉक्टरने भूल दिल्यावर गाल असतो, तसं सगळं. आज वाक्य केलं नाही.

शनिवार, १४ सप्टेंबर
टीगनचा फोन. आमची मुलगी आपल्या आईला घेऊन उद्या येते आहे. कपडे न्यायला, म्हणाली. मी म्हणालो, जेवूनच जा. पलीकडे बरीच कुजबुज झाली. मग, ‘ठीक आहे बाबा. पण गाडीची किल्ली टेबलावर ठेवा.’
परत येणार असणार. उगीच कोण जेवायला थांबतं? उद्या मी स्वतः मटण भाजणार. पहिल्यांदाच.

रविवार, १५ सप्टेंबर
उत्तम झालं सगळं. म्हणजे बऱ्यापैकी.
ग्लेनिसने केस कापलेत. मी नजरेस आणून दिलं. दोघींना वाढलं. मी स्वतः जेवलो नाही, उभा राहून ग्रुपमधली माझी प्रगती सांगत होतो. टीगनने पहिला घास घेतला आणि म्हणाली, ‘बाबा, हे मटण—’ ग्लेनिसने तिच्या मनगटावर हात ठेवला. जेवताना मधे बोलू नये, एवढं वळण तिने मुलीला लावलंय.
मी विचारलं, कसं झालंय? ग्लेनिसने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. मग म्हणाली, ‘मस्त झालंय, रॉस.’ सगळं खाल्लं. पाणी फार प्यायली. प्रवासाची तहान.
कपडे भरले, किल्ली उचलली. टायर झिजलेत, मी आठवण केली. ‘नवे घालीन,’ म्हणाली. दोन गाड्या गेल्या, एकामागोमाग.
मग मी वाढून घेतलं. पहिलाच घास सिंकमध्ये थुंकला. मीठ दोनदा पडलं होतं. समुद्राचं पाणी बरं.
टीगनने तिचं मटण बटाट्याखाली दडवलं होतं.
ओट्याशी उभा राहिलो. फोन करावासा वाटला नाही. मग ग्लेनिसचं ताट धुवायला घेतलं. खरवडायला काहीच नव्हतं.