खंडेनवमीलाही न थांबणारं यंत्र

अप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमच्यावर चिडण्यातही अर्थ नाही, पण आज मी चिडलेय. तेव्हा असाल तिथे गप्प बसून ऐका, मधे बोलू नका.

परवा खंडेनवमी झाली. तुमच्या कारखान्यात त्या दिवशी घरच्यांना आत सोडायचे. आई ठेवणीतली साडी नेसायची, मला नवा फ्रॉक, आणि तुम्ही आम्हाला तुमच्या लेथपाशी न्यायचात, सोयऱ्यांकडे न्यावं तसं. पुसून लख्ख केलेलं मशीन, झेंडूचा हार, कुंकवाची बोटं, दारात फोडलेला कोहळा, हातात चुरमुऱ्यांची पुडी. एकदा मी गंमत म्हणून त्याच्या चाकाला हात लावते, आणि तुम्ही सगळ्यांदेखत ओरडता, "ए, आज हात लावायचा नाही! वर्षभर राबतंय ते, एक दिवस बसू दे की." मला रडू फुटतं. पण घरी येताना वाटत होतं, आपले अप्पा म्हणजे कोण! यंत्राची एवढी काळजी घेणाऱ्या माणसाची काळजी कंपनी घेणारच. हे खूळ माझ्या डोक्यात तुम्हीच घातलंत.

पुढे कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली आणि साहेबांनी तुम्हाला स्टोअरमध्ये बसायला सांगितलं. "मी सामान देत-घेत बसणार नाही," म्हणालात आणि राजीनामा देऊन घरी आलात. बेंगळुरूतल्या आपल्या बसवनगुडीत जो तो म्हणाला, माणूस असावा तर असा. आणि आई? तिनं दुकानांत द्यायला चकल्या तळायला घेतल्या. तुम्ही बाहेर पेपर वाचत बसलेले, ताठ. तिच्या मनगटावर तेलानं भाजल्याचे डाग अजून आहेत. तुमचा मान राहिला तो तिच्या कढईच्या जिवावर, अप्पा.

माझं काम काय ते तुम्हाला कधी नीट कळलंच नाही. सर्जापूर रोडच्या ऑफिसात बसून मी परदेशातल्या लोकांच्या तक्रारींना उत्तरं लिहिते. कुणाचा फ्रीज बिघडलेला असतो, कुणाकडे दुरुस्तीवाला फिरकलेला नसतो. भडकलेल्या माणसाला चार ओळींत शांत करणं सोपं नसतं हो. मला दुसरीकडून जास्त पगाराचं बोलावणं आलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "भाड्याची घरं बदलावीत तशी कंपनी बदलायची नसते." नाही बदलली. सगळी उमेद तिथेच घातली. आणि गेलं वर्षभर त्याच कंपनीच्या सांगण्यावरून एका प्रोग्रामला माझी उत्तरं शिकवत बसले. माफी कुठे मागायची, कुठे नुसतं ऐकून घ्यायचं, सगळं. आता तो मेला माझ्यासारखंच लिहितो, आणि आमची टीम बरखास्त झाली.

तर परवा ऑफिसच्या लॉबीत पूजा ठेवली होती. मोठ्या पडद्यावर तो प्रोग्राम, पडद्याला झेंडूचा हार. आमचा मॅनेजर पुण्याचा, माझ्याहून कितीतरी लहान. म्हणाला, "मॅडम, तुम्ही सगळ्यांत सीनियर, कुंकू तुम्हीच लावा." मी विचारलं, "आज तरी बंद ठेवणार ना याला?" तो हसला. "अहो, बंद कसं ठेवणार? क्लायंटचं काम थांबेल." मी काचेला कुंकू लावलं. माझ्या बोटाखाली तो कुणा बाईला लिहीत होता, तुम्हाला किती मनस्ताप झाला असेल याची मला कल्पना आहे. हे वाक्य माझं. कल्पना आहे म्हणे! डोंबलाची कल्पना.

पूजा झाल्यावर मॅनेजरनं मला बाजूला घेतलं. टीममधली मी एकटी राहू शकते, पण कंपनीची माणूस म्हणून नाही, कंत्राटावर. काम काय, तर त्या प्रोग्रामची उत्तरं तपासायची. "स्वल्प ॲडजस्ट माडी, मॅडम," म्हणाला, म्हणजे थोडं सांभाळून घ्या. इतकी वर्षं बेंगळुरूत राहून कन्नड शिकला तर नेमकं एवढंच. तुम्ही असतात तर गळ्यातलं ओळखपत्र टेबलावर आपटून निघाला असतात. माझ्याही अगदी ओठांवर आलं होतं. पण मी ताठ मानेनं घरी येऊन बसले तर चकल्या तळायला कोण आहे? आईच आहे, ह्या वयात. मीही त्याला कन्नडातच म्हटलं, "सरी." म्हणजे, ठीक आहे.

कंपनीचा राग येतोच, पण तुमचा जास्त येतो. तुम्ही मला ताठ राहायला शिकवलंत आणि त्याचा खर्च कोण उचलतं ते झाकून ठेवलंत. आता स्वतःचीच लाज वाटते, आणि ती का वाटावी हेही कळत नाही.

हे पत्र कुठे टाकणार? तुम्ही जिवंत असतात तरी टाकलं नसतं. तुमच्याशी खोटंच बोलले असते, आईशी बोलले तसं. परवा घरी येऊन तिला म्हटलं, मला बढती मिळाली. तिनं देवापुढे साखर ठेवली, मग माझ्या हातावर दिली. मी खाल्ली.