नाला म्हणायचं नाही

बाई,

खाम नदीच्या काठावर पाटी लागली. निळी, ठळक पांढऱ्या अक्षरांची: ‘ही आपली नदी आहे. कचरा टाकू नका.’ पाटीखाली बाक आहे, मागच्या भिंतीवर खंड्या पक्ष्याचं चित्र आहे आणि संध्याकाळी कॉलनीतली माणसं तिथं उभी राहून फोटो काढतात. तुम्ही असता तर डोळ्यांना पदर लावला असता. मला मात्र त्या पाटीसमोर उभं राहिलं की तुमचा राग येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. पण ज्यांच्यावर रागवायचं ते जिवंत लोक मिटिंगला बोलावून चहा-बिस्किटं देतात, ‘ताई, तुमचं काम फार मोठं आहे’ म्हणतात, आणि मी आवाज चढवला की मीच आडमुठी ठरते. तुम्हाला निदान ऐकून तरी घ्यावं लागेल.

नववीच्या सहामाहीत तुम्ही भूगोलाच्या पेपरात विचारलं होतं, आपल्या शहरातल्या नदीविषयी पाच ओळी लिहा. मी एकच लिहिली. ‘आमच्या शहरात नदी नाही, आमच्या घरामागे नाला आहे.’ पेपर वाटताना तुम्ही मला उभं केलंत. तुमच्या हातातला खडू, बारीक काठाची साडी आणि आवाज जराही न चढवता केलेला पाणउतारा, सगळं अजून दिसतं. तुम्ही म्हणता, ‘नाला म्हणायचं नाही. नाला म्हटलं की माणूस त्यात काहीही टाकायला मोकळा होतो. नदी म्हण.’ मी म्हणते. वर्ग हसतो. ‘मोठ्यानं म्हण.’ मी मोठ्यानं म्हणते. वर्ग आणखी हसतो, कारण त्या वर्गात त्या पाण्याशेजारी राहणारी मी एकटीच. आमच्या भाकरीच्या पिठालासुद्धा त्याचा वास लागायचा. घरी जाऊन मायला सांगितलं. कॉलन्यांमधून वेचून आणलेलं भंगार ती दारात निवडत बसली होती, पत्रा एकीकडे, बाटल्या एकीकडे. वर न बघता म्हणाली, ‘नदी म्हण नायतर गंगा म्हण. वास त्योच येनार.’ मला मात्र तो शब्द चिकटला. राग होता म्हणून असेल, पण मी हट्टानं नदी म्हणू लागले आणि वस्तीत माझं नाव ‘नदीवाली’ पडलं.

त्याच वर्षी दिवाळीला तुम्ही मला घरी बोलावलंत. नदीच्या वरच्या अंगाला तुमचा बंगला, मागची भिंत थेट पाण्याला लागून. मी तुमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी आहे, ओट्यावर चकल्यांचं ताट आहे, आणि पाण्याकडची खिडकी गच्च बंद आहे. मी उघडायला हात पुढे केला तर तुम्ही म्हणालात, ‘नको गं, डास येतात.’ मग तुम्ही चकल्या आणि शंकरपाळे एका गुलाबी प्लास्टिकच्या पिशवीत भरलेत, गाठ मारलीत. ‘डबा परत आणायची दगदग नको तुला.’ मी उड्या मारत घरी आले. मायनं पिशवीकडं बघितलं. आमच्याकडं काय आणि तुमच्याकडं काय, आलेला डबा रिकामा परत पाठवत नाहीत. गुळाचा खडा, मूठभर शेंगदाणे, काही नसलं तर साखर, पण काहीतरी घालूनच तो परत जातो. माय म्हणाली, ‘डबा दिला असता तर त्यो परत गेला असता. मंग आपन बी कायतरी घातलं असतं. आन् ते त्यांला खावं लागलं असतं. कशाला उगा.’ मग एक चकली मोडून तोंडात टाकली आणि म्हणाली, ‘खुसखुशीत हाय मातर.’

त्या दिवशी मला राग आला नाही. चकल्या चांगल्या होत्या. राग आला तो पुष्कळ वर्षांनी, आम्ही वस्तीतल्या बायांनी नदीत आडवी जाळी बांधली तेव्हा. रोज सकाळी जाळीला अडकलेल्या पिशव्या ओढून काढताना माझ्या लक्षात आलं की हे सगळं परत यायला नको म्हणून दिलेलं आहे. भाजीवाल्यानं दिलं, दुकानदारानं दिलं, तुम्ही दिलंत. परत येणारी वस्तू म्हणजे परत येणारं माणूस, आणि तेच कुणाला नको होतं. पण नदीला काही ते कळत नाही. ती सगळं आणून आमच्या दारात ठेवते.

आमच्या शेडबद्दल सांगते. वस्तीतल्या बायांचा गट आहे, मायबरोबर भंगार वेचणाऱ्यांच्या मुली-सुनाच जास्त. पुलाखाली, वस्तीला लागून, पत्र्याची शेड आहे. जेसीबीनं गाळ उपसून नदी साफ होत नाही, बाई. गाळ काठावर पडतो आणि पहिल्या जोराच्या पावसात परत आत जातो. नदी साफ होते ती घराघरातल्या ओट्यावर. म्हणून आम्ही दारोदार जाऊन कचरा वेगळा मागायला लागलो, ओला आणि सुका. यात काय कळायचं नाही, असं वाटेल. पण पावसात भिजल्या म्हणून दुधाच्या पिशव्या लोक ‘ओल्या’त टाकायचे, आणि वाळल्या म्हणून भाकरी ‘सुक्या’त. एका आजींनी तर कमाल केली. आठवडाभराची भाजीची सालं गच्चीवर उन्हात पसरून, पापडासारखी उलटवून, कडकडीत वाळवून आमच्या हाती दिली. ‘घ्या बाई, तुमचा सुका. लई जपून वाळवलाय, कावळ्याला बी शिवू दिला नाय.’ त्यांना हसावं की त्यांच्या पाया पडावं कळेना. तेव्हापासून आम्ही ओला-सुका म्हणणं सोडलं. मातीतून आलं ते मातीला, बाजारातून आलं ते बाजाराला, एवढंच सांगतो. मातीचं खड्ड्यात कुजतं आणि खत होऊन पिशोरकडच्या अद्रकवाल्या शेतकऱ्यांकडं जातं. प्लास्टिक धुऊन, दाबून, गठ्ठे बांधून कारखान्यात जातं. देवळातली आणि दर्ग्यावरची फुलं एकाच खड्ड्यात कुजतात, अजून तरी त्यांचं भांडण झालेलं नाही. उकिरड्याची दैनासुद्धा बारा वर्षांनी फिटते म्हणतात. आमच्या नदीची त्याहून लवकर फिटायला लागली. बगळे आले. पोरं गुडघाभर पाण्यात उतरून मासे धरायला लागली.

पण पाण्यावर भाताच्या पेजेसारखा फेस यायचा थांबेना. कुठून येतो ते बघायला मी आणि शेडवर गठ्ठे बांधणारी खाला नदीतून वर चालत गेलो. बंगल्यांच्या मागच्या भिंती नदीतून मी पहिल्यांदाच बघत होते. समोरून तुळस, कमान, नावाची पाटी. मागून प्रत्येक भिंतीला एक भोक. तुमची भिंत मी काचांवरून ओळखली, माथ्यावर सिमेंटात रोवलेल्या हिरव्या बाटल्यांच्या काचा. त्या बंद खिडकीच्या बरोबर खाली पाइप होता. नंतर कुणी बसवलेला नाही, बाई, भिंतीबरोबरच बांधलेला, जुना, सिमेंटचा. म्हणजे तुम्ही मला वर्गात उभं केलंत त्या दिवशीसुद्धा तुमच्या मोरीचं पाणी त्यातून पडत होतं. तुम्ही मला नदी म्हणायला लावलंत आणि घरी जाऊन तांदूळ धुतलेत. ते पाणी वाहत वाहत आमच्या घरामागे आलं, आणि वास मात्र आमच्या अंगाला येतो असं वर्गातल्या पोरी म्हणायच्या. नाकानं कांदे सोलणं म्हणतात ते हेच. खालानं विचारलं, ‘किसका घर है, बाजी?’ मी म्हटलं, पता नहीं. मेलेल्या माणसाची लाज राखावी म्हणून म्हटलं असं नव्हे. मला तुमचं नाव तोंडातून काढायचं नव्हतं.

आणि आता ही पाटी. नदी साफ दिसायला लागल्यावर कॉलनीवाल्यांनी इतक्या वर्षांनी मागच्या खिडक्या उघडल्या. नदीकाठ समिती झाली, तिचे अध्यक्ष झाले, ठेकेदार आला, बाक आले. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय. आणि एक दिवस आमच्या शेडकडं बोट दाखवून सांगितलं गेलं की नदीकाठी हे दृश्य बरं दिसत नाही. नाला होता तोवर तिथं कुणी ढुंकूनही बघत नव्हतं, तोवर तो आमचा होता. नदी झाली आणि त्यांची झाली. खाला गठ्ठा बांधता बांधता म्हणाली, ‘साफ अपन करे, अब गंदे भी अपनइच हो गए.’ मी तुमचा शब्द इतकी वर्षं पोटच्या पोरासारखा सांभाळला, दारोदार म्हणत फिरले, आणि तोच शब्द आम्हाला उठवायला पुढं आला.

परवा मिटिंग झाली. अध्यक्ष निवृत्त गृहस्थ आहेत, बोलणं लोण्यासारखं. म्हणाले, ‘ताई, राग मानू नका. नदीकाठी कचऱ्याचं काम आमच्या नियमात बसत नाही. नाल्याकाठी मात्र चालतं.’ मग ठेकेदारानं तोडगा काढला. पुलाच्या वरच्या अंगाला नदी, खालच्या अंगाला नाला. खाली बाक नकोत, झाडं नकोत, जाळीही नको. शेड राहील, बायांचं काम राहील. कॉलनीच्या पाइपांची तोंडं तेवढी पुलाखाली वळवायची, कारण नाला शेवटी सांडपाण्यासाठीच असतो. ‘फक्त तुम्ही सगळ्यांसमोर एकदा मान्य करा,’ अध्यक्ष म्हणाले. ‘वस्तीच्या तुम्ही पुढारी. तुम्हीच नाला म्हणालात तर वाद उरत नाही.’ पुलाखाली कुणाची वस्ती आहे ते त्या खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं.

मी अध्यक्षांना विचारलं, ‘पाणी पुलाखाली आलं की त्याची जात बदलते का?’ कुणीतरी बिस्किटांची बशी माझ्याकडं सरकवली. मागं आमच्या बाया बसल्या होत्या. शेड गेली तर त्या परत पाठीवर पोतं टाकून भटकी कुत्री हाकलत कॉलन्यांमधून हिंडणार, माय हिंडायची तशा. खालानं मागून माझा पदर ओढला. हळूच म्हणाली, ‘बोल दे बाजी. एक लफ्जइच तो है.’

बाई, मी म्हणाले. ‘पुलाखाली नाला आहे,’ असं उभं राहून म्हणाले. अध्यक्ष म्हणाले, ‘जरा मोठ्यानं, मागे ऐकू जात नाही.’ मी मोठ्यानं म्हणाले. या खेपेला कुणी हसलं नाही, टाळ्या वाजल्या. बायांनी येताना जिलेबी घेतली आणि शेडमध्ये वाटली. माझ्या जागी तुम्ही असता तर काय म्हणाला असतात, ते मला खरोखर ऐकायचं आहे. तुमचं पोट त्या शब्दावर कधीच नव्हतं, म्हणून तुम्हाला तो इतका स्वच्छ उच्चारता यायचा. ते तुम्हाला कधी तोंडावर सांगता आलं नाही, याचा संताप होतो. आणि त्याहून जास्त संताप याचा होतो की तुमचं म्हणणं खोटं नव्हतं.

हे पत्र पाठवायला जागा नाही. तुमच्या फाटकावर आता दुसऱ्याचं आडनाव आहे, आणि पोस्टात टाकलं असतं तरी त्या घरातून ते कुठं गेलं असतं ते मी त्या भिंतीमागून बघितलेलं आहे. माझ्याचजवळ राहील. कुणाला न सांगितलेली एक गोष्ट तेवढी लिहून ठेवते. प्लास्टिक धुतलेलं काळं पाणी आम्ही शोषखड्ड्यात सोडतो, नदीत एक थेंब जाऊ देत नाही; हा नियम माझाच. आज सकाळी खड्डा तुडुंब भरला होता. कामावर नवीन लागलेली एक बाई बादली घेऊन माझ्यासमोर आली आणि म्हणाली, ‘ताई, हे कुठं वतू?’ मी गठ्ठ्यांना दोरी आवळत होते. मान वर न करता म्हटलं, ‘वत की नाल्यात.’ ती गेली आणि ओतून आली.