नुसती मुंगी

२ डिसेंबर
बालवाडीच्या गॅदरिंगसाठी गाणं हवंय. संगीत शिक्षक मीच, म्हणजे कवीही मीच. ठरलं! बालवाडीच्या वर्गशिक्षिका सोनाली मॅडमना तीन वर्षांत जे बोलता आलं नाही, ते गाण्यात घालायचं. उंट म्हणजे मी. उंची बघता शंका नको. मुंगी म्हणजे त्या. हुशार आहेत, कळणारच.

४ डिसेंबर
गाणं तयार.
उंट उभा उन्हात, मुंगी त्याच्या मनात,
मुंगी म्हणते, वेळ नाही, साखर न्यायची घरात.
स्वतःलाच रडू आलं. ऐकवायला घरात कोणी नाही. पेटीवर म्हणून बघितलं. दारातली मांजर उठून गेली.

९ डिसेंबर
हेडबाई नागव्वांची हरकत. नुसती मुंगी काय, मुंगीताई करा की सर, म्हणाल्या. चिऊताई, चांदोमामा, मग मुंगीनं काय घोडं मारलंय? मी ठाम. मात्रा मोडतात म्हणालो. खरं कारण कसं सांगू? आपल्या बालगीतांत सगळेच एकमेकांचे नातेवाईक. प्रेम करायचं कुणावर?

१५ डिसेंबर
प्रॅक्टिस. उंटाच्या ओळीला पोरं खिदळतात. करुण रसाला वय लागतं. सोनाली मॅडमनी विचारलं, उंट उन्हात कशाला थांबलाय, पलीकडं झाड हाय की. सूचक प्रश्न! उत्तर उद्या देणार.

१६ डिसेंबर
उद्या देणार.

२० डिसेंबर
शेवटी मुंगीचं एक कडवं मी घालू का, असं मॅडमनी विचारलं. म्हणजे जवाब येणार! नवा शर्ट घेतला. गॅदरिंग संपलं की विचारायचंच.

२३ डिसेंबर
मुंगी झालेली चिमुरडी माईकसमोर आली.
उंटदादा, उंटदादा, उन्हात नका थांबू,
सावलीत या, बसा जरा, पिऊन जा लिंबू.
हॉल हसून लोळला. दादा! पण शांतपणे विचार करता, आदरानं कुणालाही दादा म्हणतात. शिवाय सरबत विचारलंच की. विचारायचं राहिलं. गर्दी लई होती.

१५ जानेवारी
सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेत एकटाच. लांबून पोरं ओरडली, उंटदादा! पाळण्यावाल्यानं विचारलं, जोडीला कोण हाय? न बसताच परतलो. कडक भाकरी, शेंगाचटणी, झोप.

३ मे
सोनाली मॅडम घरी आल्या. पहिल्यांदाच. पत्रिका घेऊन. म्हणाल्या, मला सख्खा भाऊ न्हाय, नवरदेवाचा कान तुमीच पिळायचा. भावाचा मान असतो. जाताना दारात हळूच म्हणाल्या, गाणं मला पहिल्याच दिवशी कळलं होतं, सर.
हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

११ मे, माळशिरस
कान असा पिळणार होतो की जन्मभर लक्षात राहावं. नवरदेव बुटका निघाला, वाकावं लागलं. जवळून बघितलं तर घाबरलेला होता बिचारा. हलकेच पिळला. टोपी-टॉवेल मिळाला. मग मांडवाबाहेर उन्हात उभा राहिलो, तर तिनं कुणाबरोबर तरी लिंबू सरबत पाठवलं. प्यायलो.

१२ मे
सोलापूर. पेटी काढली.
उंट उभा उन्हात, मुंगीताई मनात.
मात्रा बरोबर बसतात.