कापसातली सुतळी

आई, आज बाजारातून आलं ते असं: पाट्या अकरा, चार रुपये चाळीस नवे पैसे. लेखणीचा पुडा एक, पन्नास नवे पैसे. देवापुढे फोडायला नारळ घेतला, त्याची किंमत मात्र लिहिली नाही.

परवा ह्यांच्यासोबत कापसाच्या बैलबंड्या घेऊन जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, गेले होते. तोलाची पावती मी वाचून घेते, म्हणून हे मला नेतात. आत तांड्यावरच्या बंजारा बाया कामाला. एकीच्या कमरेला सुतळी होती आणि तिचं दुसरं टोक कापसाच्या ढिगात गेलेलं. माझे पायच थांबले. तपासणीचा साहेब दारात उभा, आणि मुकादम त्याला सांगतोय, "साहेब, लेकरू एक बी नाही."

तुझी सुतळी आठवली. साहेब आला की आम्हा कामावरच्या पोरांना ढिगात दडवायचे. कापूस अंगावर कोसळला तर ओढून काढता यावं म्हणून तू माझ्या पायाला ती बांधायचीस. नाकातोंडात रुई जाते आहे, खोकला दाबून मी तुझ्या हिसक्याची वाट बघते आहे. आणि एके दिवशी साहेब समोर असतानाच तू ओढलीस. "माही पोरगी हाये, आठ वर्साची. लिहून घ्या." तुझं काम गेलं. मी रडले तर म्हणालीस, "रडून कायले राह्यली? उद्या शाळेत जाचं हाये."

मी पुढे झाले. मुकादम म्हणाला, "बाई, तुमी कायले मधात पडता? कापूस तोला अन् जा."

"मी अशाच ढिगात दडत होते," मी म्हटलं. हे माझ्याकडे बघतच राहिले. त्या बाईला म्हटलं, "ओढ वो माय."

"काम जाईन ना, बाई."

मी साहेबाकडे वळले. "आधी लिहा, बायांचं काम सुटणार नाही." साहेबांनी तिथंच लिहिलं, जिनाच्या मालकाची सही घेतली. मग तिनं सुतळी ओढली. "याडी!" करत, पापण्यासुद्धा पांढऱ्या झालेली पोरगी आईला बिलगली. मग दुसरी सुतळी, मग तिसरी. अकरा लेकरं, आई! बाया पदरानं त्यांची तोंडं पुसत हसत होत्या.

परतताना हे नुसते बैल हाकत होते. मनात म्हटलं, झालं आता. गावाजवळ आल्यावर म्हणाले, "पाट्या लागतीन नं त्यायले?"

एक कबूल करते. सासरी इतकी वर्षं मी सांगत आले, माझी आई घरीच असायची. तू तर गेलीस, आता कुठल्या पत्त्यावर पाठवू ते सुचत नाही, म्हणून हा कागद हिशेबाच्या वहीत ठेवते. पण रागावली असशील, तर उलट टपाली कळव.